शिडाच्या नौकेतील संसार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफावे, असा निरोप चिटणिसांकडून आला, तेव्हा त्यांची अपेक्षा सीमाशुल्क खात्यातील धरपकडीच्या हकीकती ऐकाव्या अशी असावी. तशा हकीकती आमच्या संग्रही आहेत. पण त्यांत सोने फार आणि शहाणपण थोडे. म्हणून आज आम्ही एका शिडाच्या नौकेविषयी बोलणार आहोत, आणि तेही तिच्या शिडांविषयी थोडे व तिच्या पोटातील घराविषयी अधिक. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. नौकाशास्त्राशी आमचा संबंध झडती घेण्यापुरताच आला. तथापि ज्याला प्रत्येक खण उघडून पाहण्याचा सरकारने पगार दिला, त्याने त्या खणांविषयी बोलल्यास ते अगदीच अनधिकाराचे होणार नाही, असे वाटते.

१९९८ सालच्या जानेवारीतील ही गोष्ट. आमची नेमणूक तेव्हा कोची बंदरात होती. हिवाळ्याच्या दिवसांत, वारे अनुकूल असताना, पूर्वेकडून तांबड्या समुद्राकडे निघालेल्या परदेशी शिडांच्या नौका त्या बंदरात विसावा घेत. मोठ्या आगबोटीप्रमाणेच या चिमुकल्या नौकांनाही कायदा लागू असल्यामुळे, सामानाची यादी घेणे, मद्याचे कपाट मोहोरबंद करणे आणि आतून तपासणी करणे ही कामे आम्हांस करावी लागत. एके दिवशी सकाळी आम्ही अशाच एका नौकेवर चढलो. गडद निळा रंग, दोन डोलकाठ्या, त्यांतील मागची आखूड आणि अगदी शेवटाशी रोवलेली. वर एक सत्तरीच्या घरातील अमेरिकन जोडपे. त्यांनी सात वर्षांपूर्वी जमिनीवरील घर विकले होते आणि तेव्हापासून त्यांचा पत्ता म्हणजे ही नौका होती.

या नौकेची जात 'बर्म्युडा ४०' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथील साउथवेस्ट हार्बर या गावी हिंकली घराण्याने १९२८ साली नौकांचा व्यवसाय आरंभिला. त्या कारखान्यासाठी विल्यम ट्रिप या आरेखकाने ही नौका रेखाटली. पहिली नौका १९५९ साली पाण्यात उतरली आणि १९९१ सालापर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षांत, अशा २०३ नौका बांधल्या गेल्या. वर्षाला सरासरी सहा-सात. मोटारींच्या कारखान्यातील एखादा मुकादम हा आकडा ऐकून हसेल. परंतु काचतंतूंच्या नौकांमध्ये इतका दीर्घकाळ चाललेला दुसरा नमुना क्वचितच सापडेल.

हा आकडा इतका लहान का, याचे उत्तरच आजच्या विषयाचा गाभा आहे. नौकेचे बाहेरील कवच काचतंतू आणि राळ यांचे. ते साच्यातून निघे व सर्वांना सारखेच असे. लांबी सुमारे ४० फूट ९ इंच, रुंदी पावणेबारा फूट, वजन सुमारे नऊ टन. कण्यातील फळी वर ओढून घेतली की ती सव्वाचार फूट पाण्यातही तरंगे. फळी खाली सोडली की वाऱ्याच्या तोंडावर नेटाने चाले. इथपर्यंत सर्व बहिणी एकसारख्या. परंतु आतील लाकूडकाम मात्र ज्याने नौका सांगितली त्याच्या गरजेप्रमाणे होई. कोणाला नकाशांसाठी मोठे मेज हवे, कोणाला मुलांसाठी जादा बिछाने, कोणाला पुस्तकांची फळी. तयार कपड्याच्या दुकानातील सदरा आणि शिंप्याने माप घेऊन शिवलेला सदरा, या दोहोंमधली ही तिसरी रीत. काट ठरलेली, पण गळा आणि बाही तुमच्या मापाची.

आता पायऱ्या उतरून आत जाऊ. पायथ्याशीच स्वयंपाकघर. ते नौकेच्या पुढील टोकाला का नाही, असे आम्ही विचारले. त्या बाई म्हणाल्या, पुढचे टोक लाटेवर सर्वांत जास्त उचलले जाते व सर्वांत जोराने आपटते. ज्याला तेथे आमटी ढवळायची असेल त्याने खुशाल ढवळावी. शिवाय पायऱ्यांजवळ मोकळी हवा मिळते, आणि बाहेर सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या हाती चहाचा पेला देता येतो. शेगडी भिंतीला पक्की केलेली नव्हती. दोन बाजूंच्या खुंट्यांवर ती पाळण्यासारखी टांगलेली होती. नौका कितीही कलली तरी भांड्यातील रस्सा समपातळीत राहावा, ही त्यातील योजना. शेगडीसमोर एक जाड पट्टा अडकविलेला. स्वयंपाक करणाऱ्याने त्यात कंबर टेकावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

त्यापुढे बैठकीची खोली. मध्ये मेज, दोन्ही अंगांना लांब बाके. बंदरात बाक पुढे ओढले की रुंद बिछाना होई. समुद्रात ते परत ढकलून अरुंद करीत. अरुंद कशासाठी? तर कलत्या नौकेत रुंद बिछान्यावर माणूस रात्रभर लोळत राहतो, आणि अरुंद बिछाना त्याला कुशीत धरून ठेवतो. बाकांच्या वर, नौकेच्या कुशीला लागून, साडेसहा फूट लांब व जेमतेम दोन फूट रुंद अशा झोपण्याच्या फळ्या. प्रत्येकीला कापडाचा आडोसा, तान्ह्या मुलाच्या झोळीसारखा, छताला बांधण्याजोगा. त्यापुढे एका अंगाला संडास, दुसऱ्या अंगाला कपड्यांचे कपाट. आणि अगदी नाळेशी, जेथे दोन्ही बाजू एकत्र येतात तेथे, दोन बिछाने पायाकडे जुळलेले.

तपासणीसाठी आम्ही खण ओढला, तो निघेना. कुलूप असावे अशी आम्हांस शंका आली आणि चेहऱ्यावर सरकारी भाव आला. बाईंनी हसून खण किंचित वर उचलला आणि मग ओढला. खाली खाच होती. नुसत्या धक्क्याने खण उघडू नये म्हणून ती केलेली. मेजाला, फळ्यांना, ओट्याला, सर्वत्र दीड-दोन इंचांची उभी कड होती. पायांखालची फळी उचलली, तर नौकेच्या बुडात डबे ओळीने रचलेले. त्यांवरील कागद काढून टाकलेले आणि प्रत्येकावर रंगाने नाव लिहिलेले. कागद ओला झाला की सुटतो, पंपात जाऊन अडकतो, आणि ज्या रात्री पंपाची गरज असते नेमका त्याच रात्री पंप बंद पडतो. आमच्या नोंदवहीत त्या दिवशी एकशे बारा डबे लिहिलेले होते. यादी आणि डबे यांत एकाचाही फरक पडला नाही. इतका नेटका हिशेब आम्ही सरकारी गोदामातही पाहिला नव्हता.

त्या घरात शोभेची म्हणून वेगळी वस्तू दिसली नाही. मात्र जी वस्तू होती ती सुंदर होती. महागोनीच्या लाकडावर हात फिरविला तर कोठेही कोपरा टोचत नसे. हेही हौसेखातर नव्हते. वादळात माणूस त्या कोपऱ्यावर आपटणार, हे सुताराने धरून ठेवले होते. जेथे तोल जाईल तेथे हाताला दांडा लागावा, जेथे पाय घसरेल तेथे टेकू मिळावा, असा त्या सर्व रचनेचा हिशेब. आपली घरे जमीन स्थिर आहे असे समजून बांधलेली असतात. ही नौका जमीन कलणारच असे समजून बांधलेली होती.

निघताना आमची नजर ओट्यावर गेली. तो नेहमीपेक्षा ठेंगणा वाटला. बाई उंचीने लहान होत्या. त्या म्हणाल्या, "नौका सांगावयास आम्ही गेलो, तेव्हा सुताराने प्रथम मला उभे करून माझ्या कोपराची उंची मोजली. ओटा त्या मापाचा आहे. आयुष्यात पहिल्यांदाच स्वयंपाकघर कोणी माझ्या मापाने केले."

आम्ही कागदांवर शिक्के उठविले, कपाट मोहोरबंद केले आणि खात्याच्या लाँचने परत आलो. मात्र ते एक वाक्य आमच्याबरोबर किनाऱ्यावर आले.

श्रोतेहो, येथे थोडे घरगुती बोलण्याची परवानगी असावी. १९९६ सालच्या पावसाळ्यात आमचे वडील वारले. आई दापोलीजवळच्या गावी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जुन्या घरात एकटीच उरली. आम्ही थोरले चिरंजीव. आम्हांस दोन खोल्यांचे सरकारी क्वार्टर, दोन मुले, आणि त्या काळी हप्त्याने घेतलेला सोफासेट. दिवसकार्ये आटोपून कोचीस परतल्यावर आम्ही आईला पत्र लिहिले. त्यात लिहिले होते, "येथील जागा फार अपुरी आहे. तुझी गैरसोय होईल. मोठे क्वार्टर मिळाले की तुला घेऊन येतो." ते पत्र खोटे नव्हते. मोठ्या क्वार्टरसाठी आमचा अर्ज खरोखरच गेलेला होता. आईचे उत्तर पोस्टकार्डावर आले: "मी येथे बरी आहे. तुमच्या दोन खोल्यांत माझी अडगळ नको. माझे देव तरी तेथे कोठे मांडणार?" आम्ही ते कार्ड वाचून जपून ठेवले, आणि, सांगावयास लाज वाटते, आमच्या मनावरचा भार थोडा हलकाही झाला.

नौका पाहून आलो त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही शिवणाच्या यंत्राच्या खणातील टेप काढली आणि घर मोजू लागलो. आमच्या सौभाग्यवतींना वाटले, खात्याने आता स्वतःच्या घरावरही धाड घातली. मापे घेता घेता जे दिसले ते असे. त्या नौकेत दोन माणसे ज्या जागेत सात वर्षे राहत होती, ती आमच्या घराच्या निम्मीही नव्हती. आमच्या पुढल्या खोलीचा तिसरा हिस्सा सोफासेटने व्यापला होता, आणि त्यावर महिन्यातून दोनदा पाहुणे बसत. काचेच्या कपाटात न वापरलेल्या बशा होत्या. पलंगाखाली तीन बदल्यांपासून न उघडलेली ट्रंक होती. जागा नव्हती, हे खरे. पण ती कोणी खाल्ली होती, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. दुसऱ्याच्या घराची झडती वीस मिनिटांत घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराची झडती दीड वर्ष घेतली नव्हती.

पुढे जे केले त्यात चमत्कार काही नाही. सोफासेट विकला, हप्ते मात्र पुढे चार महिने भरावे लागले. खिडकीखाली भिंतीला धरून सव्वादोन फूट रुंदीचा एक बाक करून घेतला. बैठकीला बैठक, रात्री बिछाना, आणि खाली अंथरुणांचे खण. सुतार मलयाळी होता. खण उचलून ओढण्याची खाच त्याला काढून दाखविली, तेव्हा तो म्हणाला, ही तर आमच्या होड्यांतली पद्धत. स्वयंपाकघरातील एक मांडणी हलवून सौभाग्यवतींनी जमिनीचा चार फूट लांब व तीन फूट रुंद तुकडा मोकळा केला. आई उभ्याने भाजी चिरीत नसे. तिला विळी घेऊन बसण्यापुरती जमीन हवी होती. हेच तिच्या कोपराचे माप. राहता राहिले देव. त्यांच्यासाठी पूर्वेच्या भिंतीत, कपाट आणि खिडकी यांच्यामधील पंधरा इंचांत, एक कोनाडावजा देव्हारा बसविला. मागून मालगाड्या जात आणि भिंती हादरत. म्हणून देव्हाऱ्याच्या फळीला नौकेतल्याप्रमाणे इंचभर कड लावली.

मे महिन्यात आम्ही आईला आणावयास गेलो. ती येईना. आम्ही तिला देव्हाऱ्याचे माप सांगितले. तिने उठून आपल्या अन्नपूर्णेची, बाळकृष्णाची आणि शाळिग्रामाची मांडणी वितीने मोजली, आणि मग काही न बोलता मूर्ती धुतलेल्या पंचात गुंडाळू लागली. मोठा तांब्याचा हंडा मात्र मागे राहिला. तो घेऊ म्हणून तिने दोनदा मागे पाहिले, आणि तो कोठेच मावणार नाही हे आम्हां दोघांनाही माहीत होते. कोचीच्या घरी देव मांडताना ती कड पाहून हसली. "देवांना कुंपण घातलेस होय रे?" एवढेच म्हणाली. ती आमच्यापाशी अकरा वर्षे होती. त्यात आमच्या आणखी तीन बदल्या झाल्या. प्रत्येक नव्या क्वार्टरात देव्हारा आधी लागे, पंखा मागाहून. २००९ साली ती गेली. मोठे क्वार्टर त्याच्या चार वर्षे आधी मिळाले होते. त्याची वाट पाहत बसलो असतो, तर मध्ये सात वर्षे गेली असती. १९९६ ते १९९८ ही दोन वर्षे गेली ती गेलीच. त्यांना कोणतीही कड लावून आता अडविता येणार नाही.

नौकांचा विषय काढला आणि आपल्या किनाऱ्याचा उल्लेख केला नाही, तर ते कृतघ्नपणाचे होईल. एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातील पहिली शिडाची नौका आपल्या मुंबईत बांधली गेली. तिचे नाव 'सुहेली'. ३२ फुटांची, सागवानाची, कुलाब्यात कारागिरांनी हातांच्या हत्यारांनी घडविलेली ही नौका १९६४ साली पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून तीमध्ये निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. वाटेत दक्षिण महासागरातील लाटांनी तिला आडवे केले, तेव्हा तिच्या खोलीचे सांधे सरकले आणि टाक्यांतील पिण्याचे पाणी नासले. पुढे त्यांनी पावसाच्या पाण्यावर दिवस काढले. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पूर्ण केली ती एकट्या 'सुहेली'ने. मुंबईच्या सुतारांचे हे प्रशस्तिपत्र आम्हांस एखाद्या ताम्रपटाहून मोलाचे वाटते.

आणि अलीकडची 'म्हादेई'. तिचा आराखडा व्हॅन डे स्टॅट या डच आरेखनसंस्थेचा, ५६ फुटी, ठरीव. पण बांधणी गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, आपल्या नौदलाच्या गरजेप्रमाणे झाली. म्हणजे पुन्हा तीच रीत: काट ठरलेली, माप आपले. २००९ साली ती नौदलात आली. २००९-१० साली दिलीप दोंदे यांनी तीमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांनी ती न थांबता केली. तिच्याच घडणीची धाकटी बहीण 'तारिणी'. तीमधून २०१७-१८ साली वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी, आणि २०२४-२५ साली दिलना के. व रूपा ए. या दोघी, जग फिरून आल्या. सहा जणींनी आठ महिने एका ५६ फुटी नौकेत राहावयाचे, म्हणजे प्रत्येकीला किती इंच जागा वाट्याला येते, याचा हिशेब सभागृहातील भगिनींनी घरी जाऊन करावा. जागेच्या मापाएवढेच तेथे दुसरे एक माप लागत असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आमच्या या विचाराला एक स्नेही नेहमी आक्षेप घेतात. ते म्हणतात, नौकेतील माणसे आपखुशीने गेलेली असतात. त्यांना बंदर लागताच उतरता येते. शहरातील एका खोलीत सहा माणसांनी राहणे ही हौस नसून सक्ती असते, तिचे कौतुक कशाला? हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे. अपुऱ्या जागेचे गोडवे गावे आणि सरकारने क्वार्टरे लहान बांधावी, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हटल्यास येथे बसलेले आमचेच सहकारी आम्हांस खाली उतरू देणार नाहीत. नौकेतही सगळे मावत नाही. त्या अमेरिकन जोडप्याने पियानो मागे ठेवला होता, आमच्या आईने हंडा. आमचे म्हणणे एवढेच, की मागे काय ठेवावयाचे हे आपण ठरविले पाहिजे. आणि ते ठरविताना सोफासेट आत व आई बाहेर, असा हिशेब नकळत होऊन बसतो, त्याकडे डोळे उघडून पाहिले पाहिजे.

आपण सारे बदल्यांची माणसे. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापिले, त्यांच्यापाशी सभागृह नव्हते; पहिला गणपती एका क्वार्टरच्या व्हरांड्यात बसला, असे वडीलधारी मंडळी सांगतात. व्हरांडा लहान होता म्हणून त्यांनी गणपती पुढच्या वर्षावर ढकलला नाही. आज येथील तरुण मंडळींपैकी कोणी ना कोणी, पत्राने नव्हे तर दूरध्वनीवरून, गावाकडे तेच वाक्य बोलत असेल: "सध्या जागा नाही, मोठे घर झाले की नेतो." बोलण्यापूर्वी त्यांनी एकदा टेप घेऊन घर मोजावे, एवढीच आमची विनंती आहे. मोजल्यावरही जागा नसेल, तर खुशाल तसे सांगावे. ते सांगणे मग निदान खरे असेल.

चार महिन्यांनी आम्ही सेवानिवृत्त होत आहोत. गावचे घर दुरुस्तीला काढले आहे. सुताराने ओट्याची उंची विचारली, तेव्हा आम्ही सौभाग्यवतींना उभे करून त्यांच्या कोपराचे माप घेतले. त्या म्हणाल्या, छत्तीस वर्षांनी का होईना, विचारलेत. देव्हाऱ्याची फळी मात्र कोचीचीच राहणार आहे. त्या गावी भिंती हादरत नाहीत. तरी कड काढावयाची नाही, असे आम्ही सुताराला बजावून ठेवले आहे.